मेकॅनिकल झडप की टिश्यू झडप? शस्त्रक्रियेआधी कसं ठरवायचं

हृदयाची झडप बदलायची हे नक्की झालं की सर्जन विचारतात, मेकॅनिकल (कार्बनची, कृत्रिम) बसवायची की टिश्यू (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली)? त्यावर रुग्ण हमखास उलट विचारतो, ‘चांगली कोणती?’ याचं सरसकट उत्तर कुणाकडेच नाही. दोन्ही झडपा पहिल्या दिवसापासून नीट काम करतात. फरक दिसतो तो पुढच्या दहा-वीस वर्षांत. मेकॅनिकल घेतली तर रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी रोज, आयुष्यभर. टिश्यू घेतली तर ती कधी ना कधी खराब होणार, आणि वय कमी असेल तर दुसऱ्यांदा झडप बदलायची वेळ येणार. या दोन धोक्यांपैकी कोणता आपल्याला सांभाळता येईल, एवढंच ठरवायचं असतं. ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, संमतिपत्रावर सही करताना ठरवू नका. निदान दोन आठवडे आधी खालच्या क्रमाने बसा, घरातलं एक माणूस सोबत घ्या, आणि मग डॉक्टरांशी बोला.

पायरी १: झडप खरंच बदलायची आहे का?

इकोचा रिपोर्ट समोर ठेवा. त्यात तीन गोष्टी शोधा: कोणती झडप, ती आकुंचली आहे की गळते आहे, आणि हृदयाची पंप करण्याची ताकद म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन किती टक्के आहे. हृदयात चार झडपा असल्या तरी बदलण्याची वेळ मुख्यतः दोघींवर येते. एक एऑर्टिक, म्हणजे डाव्या जवनिकेतून (डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून) महाधमनीत जाणाऱ्या रक्ताच्या वाटेवरची, आणि दुसरी मायट्रल, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली.

मायट्रल झडप गळत असेल तर पहिला प्रश्न असा विचारा: ‘दुरुस्त होईल का?’ झडपेची पाकळी सैल झाली असेल किंवा तिला धरून ठेवणारी दोरी तुटली असेल, तर अनुभवी सर्जन बहुतेक वेळा ती शिवून, भोवती कडं बसवून दुरुस्त करतात. स्वतःची झडप टिकली की हृदयाची ताकद जास्त चांगली राहते, आणि केवळ झडपेसाठी आयुष्यभर गोळी घ्यावी लागत नाही. संधिवाताच्या तापाने, म्हणजे रुमॅटिक आजाराने बिघडलेल्या झडपेच्या पाकळ्या मात्र जाड आणि आखूड होतात, म्हणून तिथे दुरुस्ती अवघड जाते. अशी झडप आकुंचली असेल, पाकळ्या अजून लवचिक असतील, डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) गुठळी नसेल आणि गळती फारशी नसेल, तर फुग्याने झडप उघडण्याचा मार्ग असतो. तो विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एऑर्टिक झडप आकुंचली असेल तर छाती न उघडता, मांडीच्या धमनीतून झडप नेऊन बसवायची पद्धत आहे. तिला टावी म्हणतात. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वय ६५ च्या आत असेल तर शस्त्रक्रिया, ८० च्या पुढे टावी, आणि मधल्या वयात दोन्हींवर चर्चा. हे लक्षात असू द्या की टावीने बसते ती झडप टिश्यूचीच असते. तिथे मेकॅनिकलचा पर्यायच नाही.

पायरी २: दोन्ही झडपा कशाच्या असतात, आणि कशामुळे बिघडतात

आज बसवल्या जाणाऱ्या बहुतेक मेकॅनिकल झडपांत पायरोलिटिक कार्बन नावाच्या अतिशय कठीण पदार्थाच्या दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्या असतात. दुपाखी दारासारख्या त्या उघडतात आणि मिटतात. कडेला शिवण्यासाठी कापडाचं कडं असतं. हा नमुना १९७७ सालापासून वापरात आहे. या पाकळ्या झिजून निकामी होत नाहीत. ‘मेकॅनिकल झडप आतून तुटते’ ही भीती एका जुन्या झडपेवरून आली आहे. १९७९ ते १९८६ दरम्यान विकल्या गेलेल्या ब्यॉर्क-शायली कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह झडपेचा आतला आधार काही रुग्णांत तुटला होता. ती झडप केव्हाच बंद झाली.

पण ‘मेकॅनिकल म्हणजे पुन्हा ऑपरेशन कधीच नाही’ हेही खरं नाही. ती तीन-चार कारणांनी बिघडू शकते. गोळी चुकली की पाकळीवर गुठळी बसून पाकळी अडकते. काही वर्षांत शरीराची स्वतःची पेशीजाळी कडेवरून आत वाढत येते आणि पाकळीच्या वाटेत उभी राहते. याला पॅनस म्हणतात आणि गोळीने तो थांबत नाही. टाके सैल होऊन झडपेच्या बाजूने गळती होऊ शकते. आणि जंतुसंसर्ग दोन्ही प्रकारच्या झडपांना होतो.

टिश्यू झडप गाय-बैलांच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवतात. ग्लुटारल्डिहाइड या रसायनात ती पक्की करतात, त्यामुळे शरीर तिला परकी म्हणून नाकारत नाही आणि त्यासाठी वेगळी औषधं लागत नाहीत. मात्र ती जिवंत नसते, म्हणून स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. वर्षांनुवर्षं तिच्यात कॅल्शियम साचतं, पाकळ्या कडक होतात किंवा फाटतात. वय जितकं कमी, तितकं हे लवकर घडतं. मायट्रलच्या जागी टिश्यू झडप एऑर्टिकपेक्षा लवकर खराब होते. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाला मायट्रल झडप जवनिकेच्या पूर्ण दाबाविरुद्ध मिटते. एऑर्टिक झडप मिटते तेव्हा दाब त्याहून कमी असतो.

धर्म किंवा श्रद्धेमुळे एखाद्या प्राण्याची ऊती नको असेल तर मोकळेपणाने सांगा. दोन्ही प्राण्यांपासूनच्या झडपा मिळतात, त्यामुळे निवडीला वाव असतो. ऑपरेशनदरम्यान हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना द्यावं लागणारं हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, मात्र सहसा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ३: वयाचा आकडा लावून पाहा

टिश्यू झडप किती टिकेल याचा ढोबळ अंदाज असा: ६५ च्या पुढे एऑर्टिकच्या जागी बसवली तर बहुतेकांना १५ वर्षांत ती बदलावी लागत नाही. चाळिशीत बसवली तर १० ते १५ वर्षांत बदलायची तयारी ठेवावी. विशीत तर त्याहूनही लवकर.

वर उल्लेखलेलं अमेरिकी मार्गदर्शन एऑर्टिकसाठी म्हणतं: ५० च्या आत, गोळी घ्यायला अडचण नसेल तर मेकॅनिकल, ६५ च्या पुढे टिश्यू, ५० ते ६५ मध्ये माणूस पाहून. मायट्रल दुरुस्त होत नसेल तर ६५ च्या आत मेकॅनिकलकडे कल, त्यानंतर टिश्यू. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२१ साली एऑर्टिकसाठी मेकॅनिकलची रेषा ६० वर्षांपाशी आखली. दोन मोठ्या संघटनांच्या रेषांत दहा वर्षांचं अंतर असेल, तर पन्नाशीतल्या माणसाला एकच ‘बरोबर’ उत्तर नाही हे मान्य करावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मेकॅनिकल झडप घेतलेले लोक जास्त जगल्याचं दिसलं. एऑर्टिकसाठी हा फायदा ५५ वर्षांपर्यंत टिकला, मायट्रलसाठी ७० पर्यंत. मायट्रलच्या जागी टिश्यू घेताना म्हणूनच जरा जास्त थांबून विचार करावा. केवळ ‘गोळी नको’ म्हणून पंचेचाळिशीत मायट्रलला टिश्यू झडप घेणं हा निर्णय महागात पडू शकतो.

वयापेक्षाही नेमका प्रश्न आहे पुढे किती आयुष्य अपेक्षित आहे याचा. पासष्टीचा माणूस ठणठणीत असेल, तर टिश्यू झडप त्याच्या हयातीतच खराब होऊ शकते. पंचावन्नच्या माणसाला दुसरा गंभीर आजार असेल, तर वीस वर्षांनंतरच्या ऑपरेशनची चिंता आज करून उपयोग नाही.

पायरी ४: गोळी तुम्हाला झेपेल का, याची चाचणी घ्या

सगळी निवड इथे येऊन ठरते, म्हणून इथे घाई नको.

मेकॅनिकल झडपेसोबत वॉर्फरिन किंवा त्याच कुळातलं ॲसिनोकुमारोल घ्यावं लागतं. त्याचा परिणाम आयएनआर नावाच्या रक्तचाचणीने मोजतात. औषध न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. आकडा जितका जास्त, तितका रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. एऑर्टिकच्या जागी दुपाखी मेकॅनिकल झडप असेल आणि इतर धोका नसेल तर लक्ष्य २.५, म्हणजे २ ते ३ च्या दरम्यान. मायट्रलसाठी, किंवा एऑर्टिकसोबत हृदयाचे ठोके अनियमित असतील, आधी गुठळी झाली असेल, हृदयाची ताकद कमी असेल तर लक्ष्य ३, म्हणजे २.५ ते ३.५. ऑन-एक्स नावाच्या एऑर्टिक झडपेला पहिल्या तीन महिन्यांनंतर, रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन चालू ठेवून, १.५ ते २ पर्यंत लक्ष्य ठेवण्याची मुभा आहे. ती फक्त त्या झडपेला, फक्त एऑर्टिकच्या जागी, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच.

गोळी न घेता चालेल का? नाही. १९९४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांनुसार, मेकॅनिकल झडप असलेल्या आणि कोणतंच औषध न घेणाऱ्या १०० जणांपैकी दरवर्षी सुमारे ४ जणांत गुठळी सुटून मेंदूचा किंवा दुसऱ्या अवयवाचा रक्तपुरवठा गंभीरपणे अडतो. वॉर्फरिनच्या कुळातलं औषध घेतलं तर हा आकडा सुमारे १ वर येतो. शून्यावर मात्र येत नाही. शिवाय औषधामुळे मोठा रक्तस्राव होण्याचा धोका दरवर्षी साधारण शंभरात एक-दोन जणांना असतो, उतारवयात त्याहून जास्त.

‘आता आयएनआर न तपासता घेता येतात अशा नव्या गोळ्या आल्या आहेत ना?’ हे हमखास कानावर येतं. मेकॅनिकल झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगाट्रान देऊन पाहिलेली चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही. अपिक्साबानची ऑन-एक्स झडपेवरची चाचणीही २०२२ साली गुठळ्या जास्त झाल्यामुळे थांबली. दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी अनवधानाने गोळी बदलून दिली, तर झडप मेकॅनिकल आहे हे तिथल्या तिथे सांगा.

आता स्वतःला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा:

– आयएनआर तपासणारी प्रयोगशाळा किती दूर आहे? सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला, आणि आकडा स्थिर झाल्यावर महिन्यातून एकदा तरी जावं लागेल. घरी बोटातून थेंब घेऊन तपासायचं यंत्र मिळतं, पण त्याच्या पट्ट्यांचा खर्च कायमचा असतो.
– रिपोर्ट आल्यावर डोस कोण सांगणार? प्रयोगशाळा फक्त आकडा देते. आकडा पाहून त्याच दिवशी डोस सांगणारा माणूस नक्की नसेल, तर ही व्यवस्था काही महिन्यांतच ढासळते.
– आत्ता चालू असलेल्या गोळ्या रोज, वेळेवर घेतल्या जातात का? मागच्या महिन्यात किती चुकल्या? घरच्यांना विचारा. रुग्णाच्या उत्तरापेक्षा त्यांचं उत्तर जास्त भरवशाचं असतं.
– दारूचं प्रमाण किती?
– पडण्याची, मार लागण्याची शक्यता कामात किंवा खेळात किती?
– पोटातला अल्सर, मेंदूतला रक्तस्राव, यकृताचा आजार पूर्वी झाला आहे का?

दोन-तीन उत्तरं अडचणीची आली तर मेकॅनिकल झडप वयाला योग्य असूनही तुम्हाला योग्य नाही. आयएनआर सतत वर-खाली होत राहिला तर गुठळी आणि रक्तस्राव, दोन्हीकडून मार बसतो. एकूण काळापैकी निदान ६५ ते ७० टक्के काळ आकडा लक्ष्यात राहिला पाहिजे. जमणार असेल, तर त्या गोळीचा बाऊ करायचंही कारण नाही. लाखो लोक ती वर्षानुवर्षं घेऊन नोकरी, प्रवास, संसार करतात.

गोळीबरोबर राहण्याचे नियम थोडे आहेत, पण ते पक्के पाळायचे. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्या, म्हणजे सकाळी तपासून त्याच दिवशी डोस बदलता येतो. चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या. दोन दिवसांची एकदम घेऊ नका. डोस बदलल्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी तपासून पुन्हा बदल करण्यात अर्थ नसतो. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि त्याने आयएनआर उतरतो. पण त्या सोडायच्या नाहीत, दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खायच्या. अचानक बंद केल्या किंवा अचानक भरपूर सुरू केल्या की आकडा हलतो.

सर्वांत जास्त गोंधळ दुसऱ्या औषधांनी होतो. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, अमायोडारोन यांनी आयएनआर वाढतो. रिफॅम्पिसिन आणि कार्बामाझेपिनने तो उतरतो. कुठलंही अँटिबायोटिक सुरू केलं तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासा. दुखण्यावर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका. पॅरासिटामोल चालतं, पण तेही रोज, मोठ्या मात्रेत आणि बरेच दिवस घेतलं तर आकडा वाढवतं. काढे आणि जडीबुटीच्या गोळ्यांत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर टाळा. दंडात किंवा कमरेत घ्यायच्या इंजेक्शनआधी आपण ही गोळी घेतो हे सांगा, कारण स्नायूत रक्त साकळतं.

पायरी ५: काही परिस्थितींत हिशेब वेगळा

मूल हवं असेल. ही गोष्ट सर्जनना पहिल्याच भेटीत सांगा, लग्न झालेलं असो वा नसो. वॉर्फरिन गर्भापर्यंत पोचतं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या घडणीत दोष निर्माण करू शकतं. रोजचा डोस ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर हा धोका कमी असतो, जास्त असेल तर वाढतो. त्या काळात हेपॅरिनची इंजेक्शनं घेता येतात. त्याने बाळ वाचतं, पण आईच्या झडपेत गुठळी होण्याची शक्यता वाढते. म्हणून तरुण स्त्रीला टिश्यू झडप सुचवली जाते, आणि त्याची किंमत म्हणजे तिशी-चाळिशीतच दुसरं ऑपरेशन. दोन्ही बाजू ऐकून तिनेच ठरवायचं, सासर-माहेरने नाही.

ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर ‘गोळी तर घ्यावीच लागणार, मग मेकॅनिकलच घ्या’ असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. टिश्यू झडप आणि फिब्रिलेशन असलेल्यांना पहिले तीन महिने गेल्यावर नव्या गोळ्या देता येतात, त्यांना आयएनआर लागत नाही. मेकॅनिकलला वॉर्फरिनखेरीज इलाज नाही.

मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस चालू असेल तर टिश्यू झडपेत कॅल्शियम लवकर साचतं, आणि वॉर्फरिनने रक्तस्रावही जास्त होतो. तिथे वयाचे नियम बाजूला ठेवून हृदयतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ दोघांनी मिळून सांगावं.

तरुण वयात एऑर्टिक झडपेसाठी आणखी एक वाट आहे. रुग्णाची स्वतःची पल्मोनरी झडप काढून एऑर्टिकच्या जागी लावायची आणि पल्मोनरीच्या जागी दान मिळालेली मानवी झडप बसवायची. डोनाल्ड रॉस या सर्जननी १९६७ मध्ये हे प्रथम केलं. गोळी लागत नाही, स्वतःची झडप जिवंत राहते. पण एका झडपेच्या आजारासाठी दोन झडपांना हात लागतो, आणि हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या हातांतच त्याचे निकाल चांगले येतात. वर्षाला किती करता, हे विचारायला संकोच नको.

आवाजाबद्दलही थोडं. मेकॅनिकल झडपेची टिकटिक शांत खोलीत स्वतःला, कधी शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. सडपातळ माणसाला जास्त. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, थोड्यांना होत नाही. झोप मुळातच सावध असेल तर हे क्षुल्लक समजू नका.

पायरी ६: दुसऱ्या ऑपरेशनचा आराखडा आजच मागा

टिश्यू झडप घेताना ‘पुढे खराब झाली तर मांडीतून नवी बसवता येईल’ असं सांगितलं जातं. जुन्या झडपेच्या आत नवी झडप उघडायची, याला व्हॉल्व्ह-इन-व्हॉल्व्ह म्हणतात. ते होतं, चांगलंही होतं. पण आतली झडप बाहेरच्या चौकटीत मावली पाहिजे. पहिली झडप १९ किंवा २१ मिलिमीटरची असेल तर आत दुसरी बसल्यावर रक्ताची वाट फार अरुंद होते. म्हणून आत्ताच विचारा: ‘मला कोणत्या मापाची बसेल? २३ किंवा त्याहून मोठी बसवण्यासाठी महाधमनीचं मूळ रुंद करता येईल का?’ रुंद करण्यात ऑपरेशन लांबतं, पण पन्नाशीच्या आतबाहेरच्या रुग्णाला पुढे त्याचा उपयोग होतो. नव्या झडपेमुळे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद तर होणार नाहीत, हाही प्रश्न असतो. ते आधी सीटी स्कॅनवर पाहतात.

माप मेकॅनिकललाही लागू आहे. शरीर मोठं आणि झडप लहान असली की रक्त पुढे जायला दाब जास्त लागतो आणि दम लागणं पूर्ण जात नाही. एऑर्टिक झडपेची प्रत्यक्ष उघडणारी जागा शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ०.८५ चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त असावी. ०.६५ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर विजोड. हा हिशेब सर्जन आधी करू शकतात. तो मागा.

पायरी ७: सर्जनशी शेवटची बैठक

कागदावर लिहून न्यायचे प्रश्न थोडेच ठेवा. माझ्यासाठी तुमची पसंती कोणती आणि तिचं मुख्य कारण काय? छाती उघडल्यावर दुरुस्ती जमली नाही, तर कोणती झडप बसवणार? ठरवलेलं माप बसलं नाही तर दुसरा पर्याय कोणता? या दोन ‘जर-तर’ची उत्तरं संमतिपत्रावर किंवा फाईलमध्ये लिहून घ्या, कारण तो निर्णय घ्यायची वेळ येईल तेव्हा तुम्ही भुलीत असाल. सर्जन आणि हृदयतज्ज्ञ यांची मतं वेगळी असतील तर दोघांना एकत्र बसायला सांगा. मध्ये निरोप्या होऊ नका.

दातांची तपासणी ऑपरेशनआधी करून घ्या. किडलेले दात, हिरड्यांतला पू यांतून जंतू रक्तात जाऊन नव्या झडपेवर बसतात. दात काढायचा असेल तर जखम भरायला थोडे दिवस मिळतील असं गाठा. आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची मात्रेसह यादी द्या, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचा उल्लेख खास करा.

पायरी ८: घरी आल्यावर

टिश्यू झडप घेतली म्हणजे पहिल्या दिवसापासून गोळीतून सुटका, असं बऱ्याच जणांना वाटतं. पहिल्या ३ ते ६ महिन्यांत, झडपेच्या कडेवर शरीराचं अस्तर चढेपर्यंत, वॉर्फरिन दिलं जाऊ शकतं. त्यानंतर सहसा ७५ ते १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन रोज.

ऑपरेशननंतर दीड ते तीन महिन्यांत पहिला इको करून घ्या आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक इकोची तुलना याच्याशी होते. तो नसेल तर झडप हल्ली बिघडली की सुरुवातीपासून तशीच होती, हे सांगता येत नाही. झडपेचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, नमुना, माप, अनुक्रमांक आणि तारीख असते. त्याचा फोटो मोबाईलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलमध्येही ठेवा. एमआरआय करताना ते दाखवावं लागतं. आजच्या जवळजवळ सगळ्या झडपांसह एमआरआय करता येतो.

मोतीबिंदू किंवा साधा दात काढण्यासाठी वॉर्फरिन बहुधा थांबवत नाहीत. मोठ्या ऑपरेशनसाठी ते काही दिवस आधी थांबवतात. मायट्रलच्या मेकॅनिकल झडपेला त्या काळात सहसा हेपॅरिनचा आधार देतात. ‘पाच दिवस गोळी बंद करा’ असं दुसऱ्या कुणी सांगितलं तर आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मेकॅनिकल झडपेची टिकटिक अचानक दबली किंवा थांबली आणि दम लागू लागला, तर पाकळी अडकली असू शकते. त्याच तासाला रुग्णालय गाठा. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, काळी शौच, किंवा वॉर्फरिन चालू असताना डोक्याला मार लागणं, यांतही सकाळपर्यंत वाट पाहू नका.

हिरडीला धक्का लागेल असं दातांचं कोणतंही काम करण्याआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकच डोस घेतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. हे दोन्ही प्रकारच्या झडपांना लागू आहे. आणि कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवस राहिला, तर औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. आधी वेगवेगळ्या जागांवरून रक्ताचे दोन-तीन कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) काढायला सांगा. एक डोस जरी आधी पोटात गेला तरी झडपेवर बसलेला जंतू कल्चरमध्ये सापडेनासा होऊ शकतो, आणि मग कोणतं औषध किती आठवडे द्यायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं.